फट किती ठेवायची?

गेल्या महिन्यात एका मंगळवारी इशानंतर भाच्याचा फोन आला. तो शारजाजवळच्या वाळवंटात मेकॅनिक आहे. पर्यटकांना वाळूच्या टेकड्यांवर फिरवायला क्वाड बाइक भाड्याने देतात, अशा ठिकाणी. शनिवार-रविवारी तिथे गर्दी, म्हणून त्याची सुट्टी मंगळवारी. एरवी तो आधी आईशी, म्हणजे माझ्या आपाशी बोलतो आणि मग मला सलाम करतो. त्या दिवशी त्याने थेट मलाच फोन लावला.

"मामू, अम्मीला इतक्यात काही सांगू नका. एक गाडी तापली की बंद पडते. थंड झाली की पुन्हा सुरू होते. शेठ म्हणतो, इंजिन गेलं तर तुझ्या पगारातून कापीन."

आपाने त्याच्या व्हिसासाठी बांगड्या गहाण ठेवल्या आहेत. त्याला जाऊन जेमतेम चार महिने झालेले. मी विचारले, "तू त्या गाडीला काय केलं होतंस?"

"काही नाही मामू. फक्त टॅपेट सेट केले होते. फार टक्-टक् वाजत होते. गिऱ्हाईक तक्रार करायचे. मी आवाज बंद केला."

त्याने कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकाच्या पानांचे फोटो पाठवले. गाडी यामाहाची रॅप्टर 700, 686 सी.सी.चे एकच सिलिंडर, चार व्हॉल्व. पुस्तक इंग्रजी, आणि इंग्रजीची त्याला शाळेपासून धास्ती. माझेही विषय उर्दू आणि मराठी. पण शब्दकोश घेऊन बसलो. तिकडे तो, इकडे मी, असे आम्ही ते पान ओळ-ओळ करून वाचले.

त्यात मला जे कळले ते सांगतो, कारण आपल्या अंगणातल्या मोटरसायकललाही ते लागू आहे.

इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वेगळे आणि जळालेला धूर बाहेर सोडणारे वेगळे. कॅमशाफ्ट फिरतो, रॉकर हलतो आणि तो व्हॉल्वला दाबून उघडतो. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व मिटलेला असताना रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्वचे टोक यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, कारण धातू तापला की वाढतो. फट नसेल तर तापून लांब झालेला व्हॉल्व रॉकरला टेकून राहतो आणि पुरता मिटत नाही.

धुराचा व्हॉल्व जास्त तापतो, म्हणून त्याची फटही जास्त. या गाडीला आतल्या व्हॉल्वसाठी 0.09 ते 0.13 मिलिमीटर आणि धुराच्या व्हॉल्वसाठी 0.16 ते 0.20 मिलिमीटर असे लिहिले होते. झेरॉक्सचा एक कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे सारा हिशेब एक-दोन कागदांचा.

मी आकडे वाचले आणि पलीकडे तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामू, मी चारही 0.10 वर बसवले."

एवढ्यात सगळा उलगडा झाला. थंड इंजिनात ती फट पुरत होती. टेकड्या चढून गाडी तापली की धुराचे व्हॉल्व मिटेनात, दाब निसटायचा आणि गाडी बंद पडायची. थंड झाली की फट परत यायची आणि गाडी सुरू व्हायची. यातला मोठा धोका आणखी वेगळा आहे. व्हॉल्व मिटून आपल्या बैठकीवर टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर त्याची कड जळू लागते. वापराने व्हॉल्वची बैठक झिजते तशी फट आणखी कमी होत जाते, आणि वाळू फिल्टरमधून आत शिरली तर ही झीज लवकर होते. ढिला व्हॉल्व वाजून सांगतो. आवळलेला व्हॉल्व काहीच सांगत नाही.

बुधवारी फजरनंतर, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना तो कामाला लागला. आधी हवा मारून वाळू उडवली, कारण झाकण उघडल्यावर एक कणही आत पडता कामा नये. टाकी उतरवली, स्पार्क प्लग काढला, व्हॉल्ववरची झाकणे खोलली. पान्ह्याने क्रँक पुस्तकात सांगितलेल्या दिशेने हळूहळू फिरवून खुणेवर आणला. इथेच नवशिका फसतो. ही खूण कॅमशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा येते. चारही व्हॉल्वचे रॉकर बोटाने किंचित हलले तरच ती जागा बरोबर. हलले नाहीत तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा.

मग फिलर गेजची पात फटीत सरकवायची. ती सैल जाऊ नये, अडकूही नये, हलकी ओढ लागावी. लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवायचा, स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचे, कारण नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो. शेवटी क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन सगळे परत एकदा मोजायचे.

गाडी बरी चालली, पण जोर पूर्वीचा नव्हता. दाब मोजला तर कमी भरला. हेड उघडले, तेव्हा धुराच्या एका व्हॉल्वची कड जळालेली निघाली.

इथे त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. गाडी जुनी, कोणी त्याच्यावर बोट ठेवले नसते. पण आणखी दोन गाड्यांचे टॅपेट त्याने त्याच आठवड्यात तसेच बसवले होते आणि त्या रोज धावत होत्या. त्या थांबवायच्या तर कारण सांगावे लागणार. तो उस्तादांकडे गेला. उस्ताद पेशावरकडचे, वयस्कर, पुस्तक न उघडता हाताच्या अंदाजाने काम करणारे. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बेटा, खामोश इंजन पर भरोसा मत कर। चल, वो दोनों गाड़ियाँ अंदर ला।"

दोन्ही गाड्या वाचल्या. तिसरीच्या व्हॉल्वचे पैसे दोन महिन्यांत पगारातून जातील. पुढच्या मंगळवारी त्याने हे सगळे आपाला स्वतःच सांगितले. आपा थोडी रडली आणि मग विचारले, "जेवतोस ना वेळेवर?"

मी वर्गात आवाज करणाऱ्या मुलांवरच लक्ष ठेवत आलो आहे. ती रागावली तर कळते, रुसली तर कळते. त्या आठवड्यापासून हजेरी घेताना शेवटच्या बाकावरच्या गप्प मुलाकडे दोन क्षण जास्त बघतो.

आणि अंगणातल्या मोटरसायकलचे पुस्तक कपाटातून काढले. तुम्हीही काढा. टॅपेटची फट किती आणि किती किलोमीटरनंतर तपासायची, हे त्यात असते. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, वरचे आकडे तुमच्या गाडीला लावू नका. गॅरेजमध्ये गाडी रात्रीच सोडा, सकाळी थंड असताना बघायला सांगा. आणि मिस्त्री "आवाज बंद केला" म्हणाला, तर त्याला विचारा, "फट किती ठेवलीस?"