अकरावीच्या अर्जावरची एक खूण

दसरा झाला की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे चकलीच्या भाजणीचा वास आणि दुसरी म्हणजे मुलांना घेऊन सल्ल्यासाठी येणारे पालक. मी मराठीचा प्राध्यापक. मला फार तर एखाद्या समासाचा विग्रह विचारावा. परंतु कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला सगळेच ठाऊक असते असा आपल्याकडे एक समज आहे, आणि तो मोडून काढण्याइतका मोठेपणा माझ्यापाशी नाही. त्यापायीच तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. तिची हकीकत आज सांगतो.

शेजारच्या गृहस्थांचा मुलगा दहावी झाला होता. मराठीत उत्तम गुण, निबंध तर वाचत राहावा असा. अकरावीचा अर्ज घेऊन बापलेक माझ्याकडे आले. मी मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, "कला शाखा घे. ज्यात गोडी, त्यातच जोडी." अर्जावर खूण झाली, पेढे वाटून झाले. पुढे वर्षभराने पोरगा एका संध्याकाळी एकटाच आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, मला विमान चालवायचे आहे. हवाई दलात जायचे आहे."

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात किंवा नौदलात जायचे, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. भूदलाला मात्र कोणतीही शाखा चालते. हे मला त्या दिवशी कळले. ज्या पुण्यात मी वीस वर्षे शिकवतो, त्याच्याच कुशीत ही संस्था उभी आहे. १९४९ साली पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली, १९५५ पासून ती तेथे सुरू आहे. सहलीच्या मुलांना तिचा घुमट लांबून दाखवताना 'सुदान ब्लॉक' हे नाव आफ्रिकेतल्या लढाईत आपल्या जवानांनी केलेल्या कामगिरीबद्दल सुदानने दिलेल्या देणगीवरून पडले, हेही मी सांगत असे. पण आत जायचे दार कोणते, हे कधी विचारले नव्हते.

मग मी विचारायला लागलो. ते सांगतो, म्हणजे निदान आपल्या घरचा अर्ज भरताना उपयोगी पडेल.

लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत शिकत असतानाच तिला बसता येते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि जन्मतारखेचा हिशेब दिवसावर होतो. तेव्हा "पदवी होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्या वडिलांनी आधी पंचांग नव्हे, जन्मदाखला काढावा. (पदवीनंतरची वाट आहे, पण ती वेगळी आणि तिची परीक्षाही वेगळी.) पेपर दोन: गणिताचे ३०० गुण, आणि इंग्रजी व सामान्य ज्ञान मिळून ६००. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात. मराठी माध्यमाच्या मुलांचे पाऊल येथेच अडखळते, आणि त्याला मुलांची बुद्धी नव्हे, तर आमची शिकवण्याची रीत कारण आहे, असे माझे मत आहे.

आमच्या या मुलाला आता भूदलाचीच वाट उरली होती. तिच्यासाठी शाखा चालते म्हणून गणित सुटत नाही. अकरावी-बारावीचे गणित त्याने कॉलेजबाहेर, रात्री जागून केले. माझ्या एका सहकाऱ्याने त्याला शिकवले, पैसे न घेता. चूक मी केली आणि भरपाई गणितवाल्याने!

पहिल्या खेपेस तो लेखीतच गळला. दुसऱ्या खेपेस पास झाला आणि पाच दिवसांच्या निवड मंडळापुढे गेला. मला सर्वांत नवल वाटले ते या मंडळाचे. लेखीला ९०० गुण, आणि या पाच दिवसांनाही ९००! पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसतात. उरलेल्यांना एकेक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. शेवटचा कागद कोरा असतो. त्यावर स्वतःच्या मनातली गोष्ट. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य. नंतर मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन आठदहा जणांच्या गटाला आडवाटेने पलीकडे जायला सांगतात, आणि कोण हुकूम सोडतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो, हे अधिकारी बाजूला उभे राहून पाहतात.

आमचा लेखक या गोष्टी छान लिहील अशी माझी खात्री होती. परत आला तो नापास. मी विचारले, "काय लिहिलेस?" त्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत नायक एकटा होता, फार सोसत होता आणि शेवटी कोणीतरी येऊन त्याला वाचवत होते. वाङ्मय म्हणून उत्तम. पण त्या गोष्टींत कोणी काही करतच नव्हते. मी दोन वर्षे त्याला अशाच निबंधांवर शाबासकी दिली होती.

ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांना मात्र पुष्कळ अवसर आहे. साताऱ्याचे सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सुरू झाले. तेथे सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो. डेहराडूनचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज १९२२ सालचे, तेथे आठवीत घेतात. दहावीनंतर राज्य शासनाची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे; १९७७ पासून ती अकरावी-बारावीच्या मुलांची याच परीक्षेसाठी तयारी करून घेते. डॉक्टर व्हायचे असेल तर पुण्याचेच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, पण त्यासाठी आधी 'नीट'. आणि २०२२ साली आलेली अग्निवीर भरती ही निराळी गोष्ट. ती अधिकाऱ्यांची नव्हे, जवानांची, चार वर्षांची. पुढे कायम होणार ते जास्तीत जास्त चारातला एक, असे ती जाहीर झाली तेव्हाच सांगितले होते. दोन्हींची गल्लत करून घरी वाद घालू नयेत.

मुलींच्या आयांनीही हे पान उलटू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू दिले, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली खडकवासल्याहून बाहेर पडल्या.

हे सारे मी उत्साहाने सांगत होतो, तेव्हा मुलाची आई दारात उभी होती. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तिथे हातपाय मोडला तर?" मी गप्प झालो. तीन वर्षांचे शिक्षण सरकारी खर्चाने होते, शेवटी पदवी मिळते, नंतर लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० रुपये, हे मला पाठ होते. पण प्रशिक्षणातच जायबंदी होऊन घरी परतलेल्या मुलांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साली आपणहून दखल घ्यावी लागली, हेही मी वाचले होते. ते मी वहिनींना सांगितले. लपवून कसे चालेल? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाकडे पाहून म्हणाल्या, "तू ठरव. पण मला विचारून ठरवलेस असे म्हण."

त्याचे वय अजून बसते आहे. पुन्हा लेखी पास झाला आहे आणि दिवाळी झाल्यावर भोपाळला जायचे आहे. परवा पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन दाखवायला आला होता. जाताना म्हणाला, "सर, आता गोष्टीतला माणूस स्वतः विहिरीत उतरतो." वहिनींनी चकल्यांचा डबा दोन जणांना पुरेल एवढा भरला आहे, खोलीत दुसरा कोणी असेलच, म्हणाल्या.