पदकाआधी लसीचे कार्ड

आपल्या सोलापुरात कुत्रा पाळण्याची हौस आता बंगलेवाल्यांपुरती राहिलेली नाही. हौसेमागोमाग स्पर्धेची आवडही आली. "डॉक्टर, शोमध्ये कुत्रा उतरवायचा तर काय करावे लागते?" असे जनावरांचा डॉक्टर म्हणून मला वरचेवर विचारले जाते. विचारणाऱ्याला बहुधा शाम्पू, कंगवा नि पट्टा यांची माहिती हवी असते. माझे मत असे की, तयारी सुरू करावी ती कुत्र्याच्या प्रकृतीपासून.

अशा स्पर्धा नव्या नाहीत. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली पहिले श्वानप्रदर्शन भरले. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया १८९६ पासून आहे. पुष्कळांना वाटते की परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशी तुलना करतो. खरे तर प्रत्येक जातीचे एक लेखी मानक असते आणि त्याला कोण अधिक उतरतो, ते परीक्षक पाहतो. पण मानकाचा अतिरेक झाला की जनावराचे हाल होतात. क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनात २०१२ साली काही जातींच्या विजेत्यांची डॉक्टरी तपासणी सक्तीची केली, तेव्हा सहा जातींचे विजेते तीत नापास झाले! त्यांत पेकिनीज आणि बुलडॉगही होते.

म्हणून पहिला प्रश्न जातीचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या पगला तेही नीट जमत नाही. दाट केसांच्या सैबेरियन हस्कीला किंवा सेंट बर्नार्डला आपल्या उन्हात ठेवणे म्हणजे वैशाखात माणसाला घोंगडी पांघरून बसवणे होय. याउलट कारवानी कुत्रा आपल्याच दख्खनच्या मातीतला. विजयपूरच्या पलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावानेही तो ओळखला जातो. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले. केनेल क्लबही या जातीला 'कॅरव्हान हाउंड' या नावाने मान्यता देतो. मग हजारो रुपये मोजून परदेशी जातीमागे कशाला धावावे? मात्र हा कुत्रा मुळात सडपातळ असतो. शेजारी "उपाशी ठेवता का?" म्हणाले म्हणून त्याला लठ्ठ करू नये.

दुसरी गोष्ट लसीची. पार्व्हो, डिस्टेंपर यांची पहिली लस दीड-दोन महिन्यांच्या वयात द्यावी व चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना न चुकता. लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. म्हणून शोच्या आदल्या दिवशी धावत येऊन काम भागत नाही. लसी पूर्ण न झालेले पिल्लू गर्दीत नेऊच नये.

एवढा आग्रह कशासाठी? रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी वाचत नाही असेच समजावे, मग तो कुत्रा असो की माणूस. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे लस मोफत मिळते. चुना, मिरचीपूड लावण्यात वेळ दवडू नये.

प्रकृतीची बाजू भक्कम झाली की मग शिकवणी. रोज दहा मिनिटे पुरेत. डाव्या बाजूने, पट्टा न ओढता चालणे. स्थिर उभे राहणे. परक्याने अंगाला हात लावला, दात पाहिले तरी न बिथरणे. नोंदणीचे कागद व मायक्रोचिप यांची चौकशी क्लबकडे आधीच करावी. आहारात ज्वारीची भाकरी चालेल, पण जोडीला अंडे किंवा उकडलेले मटण हवे. शेंगाचटणी लावलेला घास लाडाने देऊ नका. लसूण आणि कांदा कुत्र्याला बाधतात. पहिला शो कुत्रा न नेता नुसता पाहावा, हे उत्तम. पुढे कुत्र्याला न्याल तेव्हा पाण्याचे भांडे घरचेच न्यावे. कुत्रा खोकत असेल, जुलाब होत असतील, तर प्रवेश फी बुडाली तरी त्याला घरीच ठेवावे.

आयोजकांनाही माझे सांगणे आहे. प्रदर्शन थंडीतच भरवावे. मैदानावर सावली व पाणी असावे. लसीचे कार्ड पाहिल्याशिवाय, ओळखीपाळखीनेसुद्धा, कोणालाही आत सोडू नये. आणि त्याच मांडवात गल्लीतल्या, गावठी कुत्र्यांसाठी रेबीजच्या लसीचे शिबिर ठेवावे. पदक एकाच घरी जाते. लसीचा लाभ अख्ख्या पेठेला होतो. शाळेच्या वाटेवर मुलांना भेटतात ती हीच गल्लीतली कुत्री, हे विसरून कसे चालेल?