रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

दिवाळीच्या तोंडावर घरे रंगवून झाली की कित्येक गावांत मंडळी देवळाकडे वळतात. वर्गणी निघते, ऑइलपेंट येतो आणि काळ्या दगडाचे खांब दोन दिवसांत पिवळे-गुलाबी होतात. त्यामागची भक्ती खरी असते. तरीही बाजारहत्नूरच्या आणि साऱ्या आदिलाबाद पट्ट्यातल्या वाचकांना यंदा आमची कळकळीची विनंती आहे, जुन्या दगडाला रंग लावू नका.

आपल्याच जिल्ह्यातल्या जैनथचा संस्कृत शिलालेख पाहा. माळव्याचा परमार राजपुत्र जगद्देव त्यात भेटतो. उदयादित्याचा हा मुलगा दक्षिणेत येऊन चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी राहिला. लेखात त्याचे पराक्रम आहेतच. आम्हाला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते पद्मावतीचे नाव. दाहिम कुळातल्या लोलार्काची ही पत्नी. तिने निंबादित्याचे देऊळ बांधवले. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची ही बाई आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या अक्षरांच्या खाचा बुजल्या नाहीत. रंगाचे दोन हात त्या सहज बुजवतात.

रंगासारखेच सिमेंटही घातक, पण त्याचे नुकसान उशिरा दिसते. चुन्यातली भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती अडवते. मग क्षार दगडातच साठतात आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. डागडुजी करायचीच तर चुन्यात करावी, जाणत्या गवंड्याला विचारून.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा आनंद आपल्यालाही झाला. पण आपण महाराष्ट्राच्या सीमेवरचे. 1956 साली किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल तिकडे गेले, उरलेला बोथ इकडे राहिला. आपल्या पडक्या गढ्या आणि वीरगळ हैदराबादला लांबचे, मुंबईला परक्या राज्यातले. त्यांना राखणारे हात गावातलेच हवेत. असे हात आहेतही: केसलापूरच्या नागोबाचे नवे दगडी मंदिर मेसराम कुळाने स्वतःच्या वर्गणीतून उभारले, डिसेंबर 2022 मध्ये तिथे प्रतिष्ठापना झाली.

सुट्टीत घरी आलेल्या मुलांना एक काम सांगा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव दगडांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली माहिती मराठी, तेलुगू, गोंडी, ज्या बोलीत मिळेल त्या बोलीत लिहून घ्या. पुढच्या अंकाची पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवत आहोत.