सासूला भाव नाही

जुन्या सिनेमाच्या कागदांच्या बाजारात सासूला भाव नाही. मधुबालाचं शोकार्ड मागितलंत, तर दुकानदार आधी तुमच्या चपलांकडे बघतो आणि मगच आकडा सांगतो. नर्गिस, मीनाकुमारी, गुरुदत्त यांचंही तेच. ‘मुगल-ए-आझम’चं अस्सल पोस्टर असेल, तर आपल्यासारख्यांना ते उलगडूनसुद्धा दाखवत नाहीत. ललिता पवार मागितल्या की मात्र त्याचा चेहरा सैल पडतो. ‘त्या कशाला?’ असा प्रश्न मला मुंबईत चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवर विचारला गेलाय आणि पुण्यात जुन्या बाजारातही. एका दुकानदाराने तर भाजीवाला कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकतो तसे त्यांचे दोन फोटो दुसऱ्या खरेदीवर वर टाकून दिले. वर म्हणाला, ‘न्या ताई. घरात भांडणं नाही झाली म्हणजे मिळवली.’

मी फक्त ललिताबाईंचे कागद जमवते. सुरुवातीला हा खिशाचा निर्णय होता. मधुबाला परवडत नव्हती. पुढे तो खिशाचा उरला नाही.

कागद म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. पूर्वी थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना गाण्यांची चोपडी मिळायची. चार-आठ पानं, वर रंगीत मुखपृष्ठ, आत नटनट्यांची नावं, गाणी आणि हिंदी, उर्दू, इंग्रजी, कधी मराठी-गुजराती अशा भाषांतून थोडक्यात कथा. ही कथा ऐन मोक्याला थांबते आणि पुढचं पडद्यावर पाहा म्हणून सांगते. चोपडीशिवाय थिएटरच्या आवारात काचेमागे लावायची शोकार्डं आणि लॉबी कार्डं असत, भिंतीवरची पोस्टरं असत, प्रसिद्धीसाठी वर्तमानपत्रांना पाठवलेले फोटो असत. यातलं काहीही जपण्यासाठी छापलेलं नव्हतं. पोस्टरवर पुढच्या शुक्रवारी दुसरं पोस्टर चिकटायचं. चोपडीत मुलं शेंगा खायची. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४चं पोस्टर आज आपल्याकडच्या सर्वांत जुन्या उरलेल्या चित्रपोस्टरांत मोजतात. म्हणजे त्याआधीचं बहुतेक सगळं गेलं.

खुद्द सिनेमे तर त्याहून वाईट रीतीने गेले. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, वितळायची, आणि नाहीच वितळली तर तिच्यातली चांदी काढायला भट्टीत जायची. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली, तोवर मूकपटांचा जमाना जवळजवळ पुसला गेला होता. २००३च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली, तेव्हा मोठ्या कष्टाने वाचवलेल्यातलंही पुष्कळ जळलं. तेव्हा आण्याची चोपडी म्हणजे कित्येक सिनेमांचा आज उरलेला एकमेव पुरावा आहे. नायिका कोण होती, गाणी कुणी लिहिली, कॅमेरा कुणी धरला, हे कळायला दुसरी जागाच नाही.

ललिताबाईंच्या पहिल्या पंधरा वर्षांचंही असंच झालंय. येवल्याची ही मुलगी, मूळ नाव अंबिका. १९२८च्या आसपास पुण्यात मूकपटात बालभूमिका करू लागली आणि थोड्याच वर्षांत नायिका झाली. १९३१चा ‘दिलेर जिगर’ हा तलवारबाजीचा मूकपट नशिबाने संग्रहालयात शिल्लक आहे. ज्यांना ‘रामायण’ मालिकेतली मंथराच ठाऊक आहे, त्यांनी तो जरूर पाहावा. ही मुलगी म्हणजे त्याच बाई, हे पचायला वेळ लागतो. १९३५चा ‘हिम्मत-ए-मर्दा’ गाजला. दशकाच्या अखेरीस टॉलस्टॉयच्या ‘रेझरेक्शन’वर बेतलेला ‘दुनिया क्या है’ काढला, तेव्हा त्या निर्मात्याही होत्या. मास्टर विनायक दिग्दर्शित, खांडेकरांनी लिहिलेल्या ‘अमृत’मध्ये त्या होत्या, भालजींच्या ‘नेताजी पालकर’मध्ये होत्या. त्या काळातला एक फोटो माझ्याकडे आहे. कोरलेल्या भुवया, किंचित वर उचललेली हनुवटी, दोन्ही डोळे सरळ कॅमेऱ्यात. पाहुण्यांना मी तो नाव न सांगता दाखवते. कुणी देविका राणी म्हणतं, कुणी शोभना समर्थ. ललिता पवार अजून एकानेही म्हटलेलं नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर भगवानदादांनी एका प्रसंगात थोबाडीत मारली, ती जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली, तीन वर्षं उपचार चालले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. मोबाइलवर ही कथा दर दोन-चार महिन्यांनी मावळत्या सूर्याच्या चित्रावर छापून येते. तळाशी जिद्दीबद्दल दोन ओळी. त्यात भगवानदादा हमखास ‘नवखा नट’ असतात. खरं म्हणजे ते मूकपटापासून या धंद्यात होते आणि तोवर सिनेमे दिग्दर्शितही करत होते. कथेला नवखा नट सोयीचा पडतो, इतकंच.

या कथेवर माझा राग नाही, पण कागद काही वेगळं बोलतात. ‘तीन वर्षं घरी बसल्या आणि मग सासू होऊन परतल्या’ असा तिचा आकार आहे. ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ आला १९४४ साली. त्यात आनंदीबाई आहेत ललिता पवार. म्हणजे उपचारांच्या त्या तीन वर्षांतच बाई मेकअप करून उभ्या होत्या, आणि तेही मराठी माणसाच्या मनात पक्क्या बसलेल्या खलनायिकेच्या भूमिकेत, गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यांसमोर. पडदा पडला, मध्यंतर झालं, दुसरा अंक सुरू झाला, असं काही घडलेलं दिसत नाही. चेहरा बरा होतोय का, किती होतोय, हे नक्की कळायच्या आधीच त्यांनी काम घेतलं होतं. मला हे जिद्दीच्या दोन ओळींपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. आणि भीतीदायकही.

कागद सालांनुसार लावले, की आणखी एक गोष्ट दिसते. ती सिनेमे पाहून दिसत नाही. नाव खाली सरकतं. तिशीच्या दशकातल्या जाहिरातींत ते वर, मोठ्या टायपात असतं. पन्नाशीच्या दशकात तिसरं, चौथं, कधी ‘आणि’च्या पलीकडे. पोस्टरवरचा चेहरा आधी मधोमध, मग कोपऱ्यात, मग नाहीच. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ घ्या. कथेचं चाक ज्या सीतादेवी फिरवतात, त्या ललिताबाईच. पण कागद विकला जातो मधुबालाचा, आणि कोपऱ्यातल्या आत्याबाईंसाठी मला भाचीची किंमत मोजावी लागली. दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसत सुटला. एक पैसा कमी केला नाही.

त्याच वर्षीचा, म्हणजे १९५५चा, ‘श्री ४२०’. मुंबईत नुकताच उतरलेला राज कपूर केळीवाल्या गंगामाईशी घासाघीस करतो, तो प्रसंग. मी हे लॉबी कार्ड विकत घेतलं, त्या दिवसांत माझं स्वतःचं नाव खाली सरकलं होतं. मी एका संस्थेच्या प्रसिद्धी विभागात होते. समारंभांचं निवेदन वर्षानुवर्षं माझ्याकडे असायचं. आवाज बरा, साड्या बऱ्या, टाळ्या मिळायच्या. नवे साहेब आले आणि म्हणाले, आता व्यासपीठावर तरुण चेहरा हवा. तुम्ही आत बसून निमंत्रणपत्रिकांची प्रुफं बघा. मी प्रुफं बघू लागले, पण कशी, तर अपमान झालेल्या माणसासारखी. चूक दिसली तरी सोडून द्यायची. नावाखाली हुद्दा चुकला? चुकू दे.

त्या कार्डाने चमत्कार वगैरे केला नाही. ते टेबलाच्या काचेखाली होतं, म्हणून रोज नजरेला पडायचं. पडायचं म्हणून मी ‘श्री ४२०’ पुन्हा पाहिला, आणि या वेळी राज कपूरकडे न बघता केळीवालीकडे बघितलं. पंधरा वर्षांपूर्वी जिच्या नावावर सिनेमा विकला जायचा, ती बाई रस्त्यावर केळी विकतेय. आणि ती केळी खरोखरच विकतेय. डोळ्यांत गिऱ्हाइकाचा अंदाज आहे, आवाजात दिवसभराच्या धंद्याचा खरखरीतपणा आहे, आणि दया कुठल्या क्षणी दाखवायची याचा हिशेबही आहे. कुठेही ‘मी कोण होते माहीत आहे का’ नाही. मी तेव्हा रोज, प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर, नेमकं तेच लिहीत होते, अदृश्य शाईने.

दुसऱ्या दिवसापासून प्रुफं नीट पाहायला लागले. फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. हे सदर मला मिळालं त्याच्या मुळाशीही ती प्रुफंच आहेत, पण ती हकिकत पुन्हा कधीतरी.

ललिताबाईंना सासूच्या साच्यात घातलं म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. शांतारामबापूंच्या ‘दहेज’पासून हा शिक्का घट्ट होत गेला, हे खरं. पण साच्यातली हालचाल बघा ना. ‘जंगली’तली हसण्यावर बंदी घालणारी आई आणि लगेच पुढच्या वर्षीच्या ‘प्रोफेसर’मधल्या कडक सीतादेवी, ज्या खोट्या म्हाताऱ्या मास्तरावर भाळतात आणि लाजतात. तो लाजण्याचा प्रसंग नायिकेलाही जमला नसता. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हृषीकेश मुखर्जींना ती इतकी आवडली असावी, की बारा वर्षांनी ‘आनंद’मध्ये इस्पितळाची मेट्रन म्हणून त्यांनी पुन्हा एक डिसाच उभी केली, आणि पुन्हा याच बाईंकडून. या दोघींचे फोटो मी अल्बममध्ये समोरासमोर ठेवलेत. तो बारीक डोळा एकीत वात्सल्याचा आहे, दुसरीत दराऱ्याचा. मंथरेत तोच विषारी. डॉक्टरांना जे सरळ करता आलं नाही, ते बाईंनी कामाला लावलं.

आमच्या सासूबाईंना, त्या होत्या तोवर, माझा हा छंद फार आवडायचा. मला वाटलं होतं, त्यांना टोमणा वाटेल. त्या ‘दहेज’चं कार्ड हातात धरून म्हणाल्या, ‘ही बाई पदराला कशी धरते बघ. आमच्या सासूबाई अस्सं धरायच्या.’ त्यानंतर रद्दीवाल्याला माझ्याआधी त्याच फोन करायच्या.

आता थोडं कामाचं, कारण असा विषय निघाला की लोक ‘आमच्याकडेही आहेत हो जुने कागद’ म्हणून सांगतात आणि पुढच्या वाक्यात त्यांची कशी वाट लावली तेही सांगतात. बाजारात नवी छापलेली ‘जुनी’ पोस्टरं उदंड आहेत. भिंग लावून बघा. मूळ कागदाचाच फोटो काढून छापलेला असेल, तर जुन्या घड्या आणि फाटलेल्या कडासुद्धा छापलेल्या दिसतात. बोट फिरवलं की कागद गुळगुळीत लागतो. अस्सल कागदाची घडी बोटाला कळते. युद्धाच्या वर्षांतल्या चोपड्या पातळ आणि हलक्या कागदावर असतात, कारण कागदाचीच टंचाई होती. त्या वर्षांचा माल जाडजूड, चकचकीत असेल, तर हात मागे घ्यावा. लॅमिनेशन करू नका, त्यात कागद कायमचा अडकतो. भिंतीवर उन्हात टांगू नका. गंजलेली टाचणी हळूच काढा. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. कसर लागली असेल तर तो कागद आधी बाकीच्यांपासून वेगळा करा.

मला स्वतःला सध्या ‘दुनिया क्या है’ची चोपडी हवी आहे. निर्माती म्हणून ललिताबाईंचं नाव तिच्यावर कसं छापलंय, कुठे छापलंय, एवढंच बघायचंय. विकत द्यायची नसेल तर नुसती दाखवा, मी घरी येऊन बघून जाईन. दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या पोटमाळ्यावर आजोबांची ट्रंक निघाली आणि तीत सिनेमाचं काही सापडलं, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी या वर्तमानपत्राच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. आणि फाटलेलं असेल तर कृपा करून चिकटपट्टी लावू नका, ती मागून पिवळी पडते आणि अक्षरं घेऊनच निघते.