मातीचा रायगड आणि संगणक

पोलादपुराहून आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे चढणाऱ्यास, वळणावळणाला दिशा पालटत असताही, सावित्रीचे खोरे आता कोणत्या हाताला आले याचे भान मनाशी ठेवावे लागते. आणि माझी अशी दृढ धारणा आहे की, संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या विद्यार्थ्यालाही, डोळ्यांना न दिसणारी रचना मनश्चक्षूंपुढे उभी करून तीत फिरण्याचे, याच जातीचे सामर्थ्य लागते. ग्लासगो विद्यापीठातील पार्किन्सन व कट्स यांनी २०१८ साली हे सामर्थ्य आणि आज्ञावली-रचना या दोहोंच्या संबंधाची मीमांसा केली. पण त्याहून मोलाची गोष्ट ही की, अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका शेरिल सॉर्बी यांनी अमेरिकेत १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासक्रमाने हे सामर्थ्य सरावाने वाढते असे दाखवून दिले. असे असता, संगणकाची खोली थाटताना तो सराव देणाऱ्या चित्रकलेच्या तासाला फाटा देणे हा मुलांवर, विशेषतः खेड्यातल्या मुलींवर, अन्याय होय. दिवाळीत अंगणात मातीचा रायगड रचणारी महाडची पोरे, बुरूज कोठे आणि वाट कोठून हे ठरविताना, नकळत तीच साधना करीत असतात! लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्वप्ने पाहणाऱ्या या मुलांना शाळेतच घनाकृती रेखाटावयास, आणि मोजणी खात्याचा गावनकाशा हाती घेऊन शिवार धुंडाळावयास मिळाले पाहिजे. त्यास खर्च तो कितीसा? माती, पुठ्ठा, आणि आठवड्याचे दोन तास.