आधी सीमा, मग समरकंद

पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने लंडनला जाऊन आलेली माणसं आता आपल्या ओळखीपाळखीत सापडू लागली आहेत. कुणी निवृत्तीनंतर निघालं, कुणी नोकरीत बिनपगारी रजा टाकून. त्यांचे फोटो पाहून आणखी कुणाला उमेद येते आणि एखाद्या रविवारी संगणकावर तक्ता उघडला जातो : पहिला दिवस, दुसरा दिवस, मुक्कामाचं गाव, किलोमीटर. या रस्त्याचं मला वेड आहे आणि त्यातला काही भाग मी चालवलेलाही आहे, त्यामुळे असे तक्ते माझ्याकडे येत राहतात. ते मनापासून केलेले असतात. पण बहुतेक सगळे गावांपासून सुरू होतात. ल्हासा, दुनहुआंग, समरकंद, इस्तंबूल ही नावं आधी मांडली जातात आणि सीमा मध्येच कुठेतरी एका ओळीत उरकल्या जातात. माझा आग्रह असा, की तक्त्यात पहिल्यांदा सीमा लिहाव्यात, त्यांच्या तारखा पक्क्या कराव्यात आणि उरलेल्या जागेत गावं बसवावीत.

सध्या जो रस्ता त्यातल्या त्यात जमण्यासारखा आहे तो असा : नेपाळ, तिबेट, शिनजियांग, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशियाचा दक्षिण कोपरा, जॉर्जिया, तुर्कस्तान, बल्गेरिया आणि मग युरोप ओलांडून कॅलेची फेरीबोट. एकूण साधारण १६,००० किलोमीटर. पंचेचाळीस दिवसांत हे बसवायचं तर रोज साडेतीनशेच्या वर गाडी चालवावी लागते, तीही एकही दिवस न थांबता. आपल्या द्रुतगती मार्गावर साडेतीनशे म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंतचं काम, म्हणून आकडा डोळ्यांना खुपत नाही. पण काठमांडूहून रसुवागढीची सीमा जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे आणि त्या दीडशेला अख्खा दिवस जातो. उलट कझाकस्तानच्या सपाट गवताळ प्रदेशात सहाशे किलोमीटर सहज होतात. त्यामुळे किलोमीटरचा रकाना पुसून तिथे तास लिहा, असं मी प्रत्येकाला सांगते.

सिंहगड रोडवरचे एक काका असाच तक्ता घेऊन आले होते. सोबत काकू. काकांनी आयुष्यभर कारखान्यात उत्पादनाचं नियोजन केलेलं, त्यामुळे तक्ता नेटका, रंगीत. काकूंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "अहो, यात कपडे कधी धुवायचे?" काका म्हणाले, "हॉटेलात देऊ की." "पण रोज सकाळी सातला निघायचं लिहिलंय तुम्ही. वाळणार कधी? तूच सांग गं यांना." काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता. कपडे, गाडीचं तेलपाणी, पोट बिघडलं तर एक दिवस अंथरुणात, सिमकार्ड, पैसे बदलून घेणं या सगळ्याला तक्त्यात जागा लागते. सहा दिवसांनंतर एक दिवस पूर्ण कोरा ठेवायचा. त्यात एखादं संग्रहालयही घालायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. या अख्ख्या प्रवासात चीन हा एकच देश असा आहे, जिथे तारीख हलत नाही. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तिथे चालत नाही. चिनी संस्थेमार्फत तात्पुरता परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट घ्यावी लागते, वाटाड्या पूर्ण वेळ सोबत असतो, तिबेटचा परवाना वेगळा. कुठून आत येणार, कुठल्या वाटेने जाणार, कुठून बाहेर पडणार, हे सगळं तारखांसकट आधीच कागदावर जातं. रसुवागढीपलीकडच्या केरुंगहून ल्हासा, गोलमुड, दुनहुआंग, तुर्फान, काश्गर करत किरगिझस्तानच्या सीमेपर्यंत जवळपास ५,००० किलोमीटर होतात. त्याला सतरा-अठरा दिवस धरले तर माणूस माणसासारखा राहतो. दिवसाचे पैसे लागतात म्हणून हेच दिवस कापायचा मोह होतो. पण कापायचे तर पुढे तुर्कस्तानात कापावेत, तिबेटात कापू नयेत.

कारण उंची. केरुंग सुमारे २,८०० मीटरवर आहे आणि तिथून पुढचा घाट ५,००० मीटरच्याही वर जातो. तीन हजार मीटरच्या पुढे गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. या रस्त्यावर तो नियम तंतोतंत पाळणं शक्यच नाही, कारण मधे थांबायला गावंच नाहीत. मग निदान केरुंगला दोन रात्री काढायच्या आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलून घ्यायचं. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच. डोकं ठणकत असताना कुणी पाच हजार मीटरवरच्या वळणांवर गाडी चालवू नये. ती जोखीम त्याच्या एकट्याची नसते, शेजारी बसलेल्याचीही असते.

ऋतूही इथेच ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिबेट परदेशी प्रवाशांसाठी बहुतेक दरवर्षी बंद असतं. जूनपासून नेपाळच्या बाजूला पाऊस आणि दरडी. म्हणजे या दिशेने निघणाऱ्याला एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे एवढीच खिडकी उरते. पावसाळ्यातली त्या खोऱ्याची अवस्था ८ जुलै २०२५ ला सगळ्यांनी पाहिली : भोटेकोशीला पूर आला आणि रसुवागढीचा मितेरी पूल वाहून गेला. त्याआधी २०१५ च्या भूकंपाने नेपाळ-तिबेटमधला कोदारीचा जुना रस्ता वर्षानुवर्षं बंद पाडला होता. म्हणून निघायच्या वर्षी कुठलं नाकं चालू आहे, आणि मालवाहू ट्रकांना नव्हे तर खासगी गाड्यांना ते खुलं आहे का, ही चौकशी सगळ्यात आधी करायची. दुसरं नाकं कोणतं चालेल, तेही त्याच कागदावर लिहून ठेवायचं.

चीनमधून बाहेर पडतानाही काळजी घ्यावी लागते. काश्गरहून इर्केश्तामची सीमा साधारण अडीचशे किलोमीटर, पण चिनी तपासणीचा मोठा भाग बराच अलीकडे, उलुगचातजवळ होतो. शनिवार-रविवारी आणि चिनी सुट्ट्यांना हे नाकं बंद असतं. दुपारी जेवणाची सुट्टीही लांबलचक. शिवाय शिनजियांगमध्ये सरकारी घड्याळ बीजिंगचं, आणि सीमा ओलांडली की किरगिझस्तानचं घड्याळ दोन तास मागे. म्हणून इर्केश्तामला मंगळवारी किंवा बुधवारी पोहोचायचं ठरवावं, म्हणजे एक दिवस घसरला तरी आठवडा हातात राहतो. शुक्रवारी पोहोचायचं ठरवलं आणि तास-दोन तास चुकले, तर सोमवारपर्यंत वाटाड्याचा आणि हॉटेलचा खर्च अंगावर.

व्हिशांचं गणित घरी बसूनच सोडवावं लागतं. पासपोर्ट एक आणि दूतावास अनेक, त्यामुळे एकाकडून परत आल्याशिवाय दुसरीकडे देता येत नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीनच महिने आधी. एप्रिलच्या मध्यावर निघून जुलैच्या मध्यावर लंडनला पोहोचायचं असेल, तर ब्रिटनचा अर्ज करायची वेळ आणि घर सोडायची वेळ एकच येते. मग प्रवासाची तारीख थोडी अलीकडची धरून व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याची सहा महिन्यांची मुदत तिथूनच मोजायची, हे लक्षात ठेवावं लागतं. तुर्कस्तानचा ई-व्हिसा आपल्याला हातात शेंगेन, ब्रिटन, अमेरिका किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तरच मिळतो. रशियाचा ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. कझाकस्तानात मात्र भारतीयांना चौदा दिवस व्हिशाशिवाय राहता येतं.

गाडीलाही पासपोर्ट लागतो. त्याला कार्ने म्हणतात आणि मुंबईत तो वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतो. मुदत एक वर्ष. गाडीच्या किमतीनुसार अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते, कारण गाडी परदेशात विकली जाणार नाही याची ती खात्री असते. या पुस्तिकेचं पान एकदा नीट पाहून घ्यावं. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टमवाला एक तुकडा फाडून घेतो आणि वरच्या स्थळप्रतीवर शिक्का मारतो. बाहेर पडताना दुसरा तुकडा फाडतो आणि त्याच स्थळप्रतीवर शेजारी दुसरा शिक्का उमटतो. तो दुसरा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्याच देशात अडकून पडते. रात्री अकरा वाजता, मागे ट्रकांची रांग असताना, झोपेला आलेला अधिकारी पुस्तिका मिटून परत करतो आणि आपणही दमलेले असतो. तरी खिडकीपाशीच उभं राहून पान उघडायचं, शिक्का, तारीख आणि सही बघायची, मगच हलायचं. सगळेच देश कार्ने मागत नाहीत, मध्य आशियात तर तिथलाच तात्पुरत्या आयातीचा कागद देतात. पण आपल्या कस्टमला गाडी परत आल्याचा हिशेब द्यावाच लागतो.

आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजव्या बाजूला. नेपाळ संपलं की थेट ब्रिटन येईपर्यंत सगळीकडे रस्त्याची उजवी बाजू. पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरचं काहीच चालकाला दिसत नाही, ते शेजारी बसलेल्याला दिसतं. "थांब... एक येतोय... आता जा," हे त्याने हजारो किलोमीटर बोलत राहायचं असतं. टोलनाक्याची खिडकीही त्याच्याच बाजूला येते. तिकीट त्यानेच घ्यायचं, सुटे पैसे त्यानेच द्यायचे. म्हणून दोन चालक असले तरी दोघंही दिवसभर कामावरच असतात. एक चालवेल तेव्हा दुसरा झोपेल, या हिशेबावर आखलेले मोठे टप्पे या गाडीला लागू होत नाहीत. सहा-सात तासांच्या पुढचा दिवस आखू नये, असं मी म्हणते ते यासाठीच.

किरगिझस्तानात शिरल्यावर तक्ता सैल सोडायला हरकत नाही. तिथून पुढे वाटाडा नाही, ठरलेली तारीख नाही. उझबेकिस्तानात हॉटेलातल्या नोंदणीच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. तिथे बहुतेक गाड्या गॅसवर चालतात आणि पश्चिमेकडे डिझेल मिळणं मुश्कील होतं, म्हणून मिळेल तिथे टाकी भरून घ्यावी. खिवा सोडल्यावर उस्त्युर्त पठारावर वस्ती फार विरळ आहे. कास्पियन समुद्र बोटीने ओलांडायचं अनेकांच्या मनात असतं, पण कझाकस्तानातल्या अक्ताऊहून अझरबैजानला जाणाऱ्या बोटींना पक्कं वेळापत्रक नाही, आणि अझरबैजानने मार्च २०२० मध्ये प्रवाशांसाठी जमिनीवरच्या सीमा बंद केल्या आणि त्या बंदीची मुदत पुढे पुढेच ढकलली. त्यापेक्षा आस्त्राखान, व्लादिकावकाझ आणि वेर्खनी लार्स करत जॉर्जियात उतरणं बरं. या रस्त्यावरचा घाट हिवाळ्यात बर्फाने बंद पडतो, पण जूनमध्ये देखणा असतो. तिथे तीन दिवस जास्त घालवता आले तर मी इस्तंबूलमधला एक दिवस आनंदाने देईन.

शेंगेनचं घड्याळ आता बल्गेरियातच सुरू होतं, कारण १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रुमानिया जमिनीवरूनही शेंगेनमध्ये आहेत. एकशेऐंशी दिवसांत नव्वद, हा नियम. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदपद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे, तेव्हा त्या नाक्यावर जास्तीचा वेळ धरावा. आपला गाडीचा विमा तिथे चालत नाही, युरोपपुरता सीमेवर घ्यावा लागतो. लंडनमध्ये शिरण्याआधी गाडीची धुराची नोंदणी करून ठेवावी. २९ ऑगस्ट २०२३ पासून धुराची मर्यादा घालणारा पट्टा सगळ्या लंडनभर लागू आहे आणि परदेशी गाडीला त्यातून सूट नाही.

या मार्गावर दिवस घसरणं नवीन नाही. १९५७ साली 'इंडियामॅन' नावाची बस १५ एप्रिलला लंडनहून निघून ५ जूनला कलकत्त्याला पोहोचली होती. तेव्हा इराण, पाकिस्तानातून रस्ता होता. तरीही परतीच्या फेरीत ती ठरल्यापेक्षा १६ दिवस उशिरा, २ ऑगस्टला लंडनला टेकली. हा धंद्याने बस चालवणाऱ्यांचा अनुभव. आपण सुट्टीवर निघालेली माणसं, आपल्या तक्त्यात दहा-बारा मोकळे दिवस असायलाच हवेत, आणि ते शेवटी एकगठ्ठा ठेवण्यापेक्षा चीनच्या आधी तीन, जॉर्जियाच्या आसपास तीन, असे वाटून ठेवलेले बरे. काठमांडूचे तीन दिवस तर अजिबात सोडू नयेत. चीनची ठरलेली तारीख तेच वाचवतात. माझ्या हिशेबाने पंच्याहत्तर ते नव्वद दिवस हा या रस्त्याचा खरा आकडा. ज्यांना पंचेचाळीसच दिवसांची रजा आहे, त्यांनी बिश्केकला विमानाने उतरावं, तिथेच गाडी भाड्याने घ्यावी आणि किरगिझस्तान मनसोक्त फिरावं. त्यात कमीपणा काही नाही.

लंडननंतरचेही दिवस लिहावे लागतात. गाडी बोटीने न्हावा-शेवाला परत येते. तिला काही आठवडे लागतात आणि कार्नेचं वर्ष संपायच्या आत शेवटचा शिक्का आपल्याच कस्टमचा पडावा लागतो. तो पडला की बँक हमी सुटते. काकांच्या तक्त्यात आता तेवढी ओळ आली आहे, आणि कपडे वाळवायचे दिवसही. त्यांना पुढच्या एप्रिलला निघायचं आहे. म्हणजे दिवाळीच्या आत चिनी संस्थेशी तारखा बोलून घ्यायला हव्यात आणि पासपोर्टवर पुरेशी कोरी पानं आहेत का, ते या आठवड्यातच बघायला हवं.