गंज कोणत्या कलमात आहे?

‘युरोपचा कायदा लिहिलेला आहे. तो वाचा, सल्लागार नेमा आणि स्पर्धकाजवळ तोंड उघडू नका.’ संत तुकाराम नगर, भोसरी एमआयडीसीच्या पट्ट्यात शस्त्रक्रियेची अवजारं बनवणाऱ्या लहान उद्योजकाला हा उपदेश हमखास ऐकवला जातो. स्पर्धकाला विचारणारा अडाणी आणि त्याला सांगणारा भोळा, असा त्यामागचा सूर असतो.

कायदा लिहिलेला आहे, हे खरंच. फ्रान्समधल्या एका कंपनीने स्तनरोपणांत औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. पुढे युरोपने जुने निर्देश बाजूला सारून वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चं ७४५ क्रमांकाचं नियमन आणलं. त्यात १२३ कलमं आणि १७ परिशिष्टं आहेत. ती वाचायलाच हवीत. पण नुसतं वाचून काय हाती लागतं, ते एखाद्या साध्या आर्टरी फोर्सेप्सवर तपासून पाहावं.

पूर्वी हे अवजार पहिल्या वर्गात बसे आणि उत्पादक स्वतःच घोषणापत्र करून मोकळा होई. वर्ग आजही पहिलाच आहे. पण पुन्हा वापरायचं अवजार म्हणून त्याचं धुणं, निर्जंतुकीकरण आणि देखभाल यांपुरती नोटिफाइड बॉडीची, म्हणजे युरोपमधल्या अधिकृत तपासणी संस्थेची, तपासणी आता अटळ आहे. शिवाय अवजारावरच यूडीआयची, म्हणजे उपकरणाच्या ओळख-क्रमांकाची, टिकाऊ खूण हवी. लेझरने खूण केली की स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर तेवढ्या जागी बिघडतो. मग ऑटोक्लेव्हच्या काही फेऱ्यांनंतर नेमका त्या अक्षरांवर तांबूस गंज धरतो. लेझरची शक्ती किती ठेवायची, खुणेनंतर तो थर पुन्हा घडवणारं पॅसिव्हेशन किती वेळ, नायट्रिक आम्लात की सायट्रिक? यातलं काहीही १२३ कलमांत नाही. बिजागरीच्या फटीतलं रक्त निघतं, हे दाखवायला कोणती चाचणी पुरली आणि तपासनिसाने त्यावर पुढे काय विचारलं, हेही नाही. ज्याचा लॉट गंजून परत आला, त्याला ते ठाऊक असतं. तो चार गाळे सोडून बसलेला असतो आणि नेमकं त्याच्याशीच बोलायचं नाही! नोटिफाइड बॉडीला विचारावं, तर तिला सल्लागारीची मनाई आहे.

गुपितं फुटतील? डिझाइन, दर आणि ग्राहक हे विषय काढायचेच नाहीत. दरांची संगनमताने ठरवाठरव तर स्पर्धा कायद्यालाही चालत नाही. सल्लागार पुरेसा? तो फाइल लिहितो, पॅसिव्हेशनची टाकी चालवत नाही.

ऐकीव माहिती घातक असते, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. युरोपीय नियमनाच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘मुदत २०२८ पर्यंत वाढली’ एवढंच ऐकून जो स्वस्थ बसला, तो फसला; कारण ही सवलत जुन्या निर्देशांखालच्या उपकरणांपुरती होती आणि त्यासाठी २६ मे २०२४ पर्यंत अर्ज करणं भाग होतं. म्हणून ऐकावं शेजाऱ्याकडून आणि ताडून पाहावं मूळ कलमाशी.

चार-पाच उत्पादकांनी महिन्यातून एकदा बसावं. आलेली हरकत, दिलेलं उत्तर आणि ते मान्य झालं की नाही, एवढंच प्रत्येकाने मांडावं. रुग्णालयात रोज ही अवजारं धुणाऱ्यांनाही बोलवावं; महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय संत तुकाराम नगरातच आहे. आणि हे वेळेत सुरू व्हावं, कारण पहिल्या वर्गातल्या पुन्हा वापरायच्या उपकरणांवर थेट खूण करण्यासाठी नियमनाने दिलेली तारीख २६ मे २०२७ आहे.